वस्तीतली सेवा की निवासी केंद्र?

पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणासारख्या निवासी व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाला व्यसनाच्या परिसरापासून दूर, समुपदेशनाच्या आधाराने राहता येते. मात्र तिथवर पोहोचायला बहुधा घरचे कोणीतरी पाठीशी लागते. मुंबईत पुलाखाली राहून सुईने हेरॉइन घेणाऱ्याजवळ नेमके तेच नसते. त्याच्यापर्यंत बहुधा स्वतः व्यसनातून गेलेला कार्यकर्ता जातो, स्वच्छ सुया देतो, जखमा पाहतो आणि विश्वास बसल्यावर त्याला ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मिळणाऱ्या केंद्रावर नेतो, जिथे त्याची जिभेखाली ठेवायची गोळी कर्मचाऱ्यांसमोर घेतल्याने तलफ आटोक्यात राहते. आधी व्यसन पूर्ण सोडण्याची अट वस्तीतल्या या सेवेत नसते, यावर अनेकांचा आक्षेप आहे. माझ्या मते तीच जमेची बाजू आहे. दारूच्या व्यसनावर मात्र ही गोळी चालत नाही. तिथे, घरचा आधार असेल तर, मी निवासी उपचार आधी सुचवेन.