स्पोर्ट बाईक विकून पहिली टूरिंग घ्यावी का? कोकणातल्या रस्त्यांवर दोन्हींची तुलना

कॉलेजची आणि नोकरीची पहिली वर्षं यामाहा आर१५ किंवा केटीएम आरसी ३९० या स्पोर्ट बाईकवर काढली, आणि आता सामान बांधून दापोलीपासून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जावंसं वाटतंय. मग आहे ती गाडी ठेवावी की टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची सरळ बैठकीची गाडी, घ्यावी? रत्नागिरी-चिपळूणकडे बरेच जण हा प्रश्न विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमचे रविवार कुंभार्ली नाहीतर आंबा घाट चढून कऱ्हाड-कोल्हापूरकडे जाण्यात जात असतील, तर घाई करू नका. सागरी मार्गाने फिरायचं असेल, तर खुशाल बदला.

सागरी मार्गावर सलग वेग धरता येईल असे पट्टे मोजकेच. वाडी येते, साकव येतो, वळणावर समोरून एसटी येते, आणि ती पुरती जाईपर्यंत तुम्ही साइडपट्टीच्या खडीवर एक पाय टेकून उभे असता. स्पोर्ट बाईकची बैठक अशा चालीसाठी केलेलीच नसते. हँडल खाली, पायदान मागे, अंग पुढे झुकलेलं. ताशी ९०-१०० ला समोरचा वारा छातीला रेटतो आणि वरच्या अंगाचा बराच भार तोलून धरतो. चाळिशीच्या वेगाला तो वारा नसतो, त्यामुळे सगळं ओझं तळहातांवर येतं. उतारावर ब्रेक दाबला की त्यात आणखी भर. वेळणेश्वर-हेदवीकडच्या चढउतारांत थोड्याच वेळात अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या येऊ लागतात. काही जण सीटवर जेलची गादी घालतात. तिने बुडाला आराम मिळतो, मनगटांना नाही. टूरिंगवर पाठ सरळ राहते, कोपर सैल राहतात आणि हात फक्त गाडी वळवायला उरतात. बदल करावा असं म्हणण्यामागे हेच माझं सर्वांत मोठं कारण आहे.

दुसरी गोष्ट शोरूमच्या माहितीपत्रकात सहसा सापडत नाही: हँडल किती वळतं. स्पोर्ट बाईकचं क्लिप-ऑन हँडल (दोन आखूड तुकड्यांचं, खाली बसवलेलं) टाकीला आणि फेअरिंगला, म्हणजे पुढच्या आवरणाला, लागू नये म्हणून थोडंच वळतं. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा वेसवी-बागमांडला फेरीबोटीत चढताना हे लगेच कळतं. ओहोटी असेल तर रॅम्प चांगलाच उतरता असतो आणि खालचा भाग ओला, शेवाळलेला. बोटीवरचा माणूस हात करतो, "आत घ्या, डावीकडे, अजून आत", आणि कठडा नि जीप यांच्यामधल्या फटीत गाडी बसवायची असते. रुंद हँडलची गाडी एका दमात वळते. स्पोर्ट बाईक पुढेमागे करत लावावी लागते, आणि मागे गाड्यांची रांग असते.

पण त्याच रॅम्पवर टूरिंगची कमकुवत बाजूही दिसते, ती म्हणजे वजन. आर१५ साधारण १४२ किलोची, तर रॉयल एनफील्डची टूरिंग हिमालयन ४५० ही १९६ किलोची. सिमेंटच्या एका गोणीपेक्षा जास्त फरक, आणि त्यावर तुमच्या बॅगा. सीटच्या उंचीत मात्र फार अंतर नाही, ८१५ आणि ८२५ मिलिमीटर. म्हणून नुसती उंची बघून घाबरू नका आणि नुसती उंची बघून निश्चिंतही होऊ नका. सामान लादलेली गाडी ओल्या उतारावर एका बाजूला कलली तर तुम्हाला ती सावरता येते का, हे पाहायचं.

आता काय हरवतं तेही सांगायला हवं. आंबोली किंवा आंबा घाटात, रस्ता कोरडा आणि डांबर चांगलं असताना, स्पोर्ट बाईक जशी वळणात शिरते तशी टूरिंग शिरत नाही. पुढचं चाक १७ इंची, सस्पेन्शन कडक, अंग पुढे, त्यामुळे पुढच्या टायरखाली काय चाललंय ते हाताला कळतं. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची आहे. ते खड्ड्याच्या काठावरून सहज चढून जातं, पण वळायला आळशी. लांब सस्पेन्शन ब्रेक दाबला की पुढे खाली बसतं, त्यामुळे ब्रेक आधी आणि हळूहळू दाबायची सवय लावावी लागते. ज्याला वळणांचं वेड आहे त्याला हा तोटा पहिल्या दिवशी खटकेल आणि पुढेही खटकत राहील. "सवय होईल" असं सांगून मी कुणाला गाडी घ्यायला लावणार नाही.

इंजिनाबद्दल लोक पॉवरचा आकडा विचारतात. त्यापेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो ते विचारा. आर१५ ला १८.४ पीएस (पॉवरचं माप), रॉयल एनफील्डच्या मिटिओर ३५० ला २०.२, म्हणजे पॉवर जवळपास सारखी. पण आर१५ चा टॉर्क १४.२ एनएम (न्यूटन-मीटर) आणि तोही ७५०० आरपीएमला, तर मिटिओरचा २७ एनएम ४००० लाच. मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा आणि समोर खडा चढ असला की एक गाडी गेअर खाली मागते, दुसरी तिसऱ्यातच चढते. मोकळ्या रस्त्यावर मात्र हलकी आर१५ जास्त चपळ वाटेल, यात शंका नाही.

आरसी ३९० वाल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना ४३.५ पीएसची सवय आहे, मिटिओरवर त्यांचा जीव रमणार नाही. त्यांनी थेट हिमालयन ४५० चालवून बघावी: ४० पीएस, ४० एनएम, आणि टॉर्क आरसीपेक्षा खालच्या आरपीएमला. आर१५ वरून येणाऱ्यांना मी आधी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स दाखवेन. २४९ सीसी, २६.५ पीएस, वजन १६७ किलो, पुढचं चाक १९ इंची. तिचं इंजिनही वर फिरवून मजा देणारं आहे, त्यामुळे गाडी परकी वाटत नाही, आणि मनगटं सुटतात. सीट ८३५ मिलिमीटर, त्यामुळे बुटक्या माणसाने बसून बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत.

मिटिओरची सीट ७६५ वर, दोन्ही पाय सपाट टेकतात, आणि मागे आई किंवा बायको आरामात बसते. स्पोर्ट बाईकच्या मागच्या टीचभर, उंच सीटवर त्यांना गणपतीपुळ्यापर्यंत नेणं म्हणजे त्यांचा छळ. पण एक लक्षात ठेवा: मिटिओरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंची) १७० मिलिमीटर आहे, आर१५ इतकाच. शिवाय पायदान पुढे असल्यामुळे खड्डा दिसला तरी पायांवर नीट उभं राहता येत नाही, आणि मागचा धक्का थेट कण्यात जातो. महामार्गाचं काँक्रीट सोडून जांभ्याच्या कच्च्या वाटेने एखाद्या खाडीकाठच्या वाडीत जायची हौस असेल, तर ही गाडी तुमची नाही.

टाकीवर वेळ घालवू नका. ११ लिटरच्या टाकीवर आर१५ इथे पुरेसं अंतर जाते आणि तालुक्याच्या गावी पेट्रोल मिळतं.

पंक्चरचा विचार मात्र जरूर करा. व्ही-स्ट्रॉमला आणि मिटिओरच्या बहुतेक प्रकारांना अलॉय चाकं, टायर ट्यूबलेस. खिळा गेला तर रस्त्याच्या कडेला प्लग ठोकून, हवा भरून पुढे जाता येतं. हिमालयनच्या स्पोकच्या (तारांच्या) चाकांत ट्यूब असेल तर चाक काढणं आलं, आणि जैतापूर-विजयदुर्गच्या मध्ये कुठेतरी भर पावसात ते करायचं असेल तर अर्धा दिवस गेला. तिला ट्यूबलेस स्पोकचा पर्याय मिळतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने त्यावर पैसे खर्च करावेत असं मला ठामपणे वाटतं.

पावसाळ्यात टूरिंग गाडी आपोआप सुरक्षित होते असं कुणी म्हणालं तर मानू नका. मोठ्या गठ्ठ्यांचे टायर लाल चिखलात बरे, पण ओल्या डांबरावर साध्या रोड टायरची पकड जास्त चांगली. उंच काच आणि मागे टॉप बॉक्स असला की खाडीपुलावर आडवा वाराही जास्त लागतो. पावसात फायदा होतो तो रुंद हँडलचा आणि सरळ बैठकीचा, कारण दूरवरचं पाणी, खडी, गुरं लवकर दिसतात.

टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर उरकू नका. मागे माणूस बसवा, उतारावर गाडी थांबवा, अरुंद रस्त्यात यू-टर्न घ्या आणि मग एखादा खराब पट्टा पायदानावर उभं राहून पार करा. सर्व्हिस सेंटर तुमच्या गावापासून किती लांब आहे तेही त्याच दिवशी विचारा. घाट चढून कोल्हापूरला जावं लागणार असेल तर प्रत्येक सर्व्हिसला एक रजा धरून चाला.

जुनी गाडी घेत असाल आणि ती किनाऱ्यावरच वापरलेली असेल, तर रंग आणि किलोमीटर नंतर बघा. आधी स्पोकच्या टोकांना, सायलेन्सरच्या जोडाला, सेंटर स्टँडच्या आतल्या बाजूला आणि टाकीच्या खालच्या कडेला गंज आहे का ते टॉर्च लावून बघा, कारण खारा वारा आधी तिथेच लागतो. चेन हाताने बाजूला वाकवून बघा. कडी अडकत असेल तर चेन आणि स्प्रॉकेटचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.