मदतीच्या किटसोबत अंगठा मागितला तर देऊ नका

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने परांडा तालुक्यातल्या आमच्या गावचं सोयाबीन तर नेलंच, नदीकाठच्या रानांतली मातीसुद्धा खरडून नेली. चिखल वाळायच्या आत मदतीच्या गाड्या सुरू झाल्या. बऱ्याच लोकांनी मनापासून दिलं, परजिल्ह्यातून चारा आला. ही गाडी मात्र वेगळी होती.

झेडपीच्या निवडणुकीचं वारं सुटलेलं. गाडीवर एका इच्छुकाचा फोटो, पिशवीवरही तोच चेहरा. आत आटा, तेलपुडा, साखर. पिशवी हातात मिळायच्या आधी त्यांच्यासोबत फोटो, तो लगेच स्टेटसला. इथवर राजकारण म्हणून सोडून देऊ. पण त्यांच्या पोरांनी मारुतीच्या पारावर टेबल टाकलं. "काका, अनुदानाच्या यादीत नाव घालतो. आधार, सातबारा, पासबुकाची झेरॉक्स द्या, अंगठा ठेवा. खातेदाराला पाचशे."

माझ्या चुलत्यांनी पाचशे दिले. अंगठा 'लागंना' म्हणून पोराने त्यांचं बोट स्वतःच्या रुमालाने पुसून पुन्हा मशीनवर दाबलं. मग पुन्हा एकदा. रानात राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही.

कोरडवाहूला रब्बीचे 10,000 धरून हेक्टरी 18,500 जाहीर झाले होते. ते आले का बघायला काका बँकेत गेले, तर हरभऱ्याचे ठेवलेले पैसेच गायब. काढल्याची नोंद पारावर अंगठा दिला त्याच दुपारची. मोबाईल पुरात भिजून बंद पडलेला, मेसेज कुठून दिसणार? आधार जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही.

इच्छुकांना विचारलं तर म्हणाले, "ती पोरं आमची नव्हती." पुढे अनुदान जमा झालं तेव्हा मात्र टेबलावर लिहून घेतलेल्या त्याच मोबाईल नंबरांवर मेसेज आला, 'भाऊंच्या पाठपुराव्याला यश'. पोरं यांची नव्हती, तर नंबर कुठून मिळाले? आणि पाठपुरावा कसला? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनामा करतात, त्यावरून पैसे थेट खात्यात येतात. पंचनाम्याला एक रुपया लागत नाही.

पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा आणि तीन दिवसांच्या आत बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ई-केवायसीला, म्हणजे ओळख पडताळणीला, अंगठा द्यावाच लागला तर सेवा केंद्रात जा, सोबत वाचता येणारं माणूस न्या, पडद्यावर रक्कम दिसली तर बोट उचला. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा वापर, लॉक करता येतं. काकांचं आम्ही आता केलंय, पैसे अजून मिळालेले नाहीत.