फ्रोझन शोल्डर: साधं स्टिरॉइड, हायड्रोडायलेटेशन आणि नणंदेचं पीआरपी

उजवा खांदा, पन्नाशी उलटलेली, वर शुगर, म्हणजे फ्रोझन शोल्डरचं, खांद्याच्या सांध्याचं आवरण आकसून हात जखडतो त्या आजाराचं, अगदी ठरलेलं गिऱ्हाईक. गेल्या गणपतीच्या आसपास सुरू झालं, आता उन्हाळा आलाय, तर दोन्ही इंजेक्शनांचा अनुभव लिहिते.

आधी साधं स्टिरॉइड घेतलं, ट्रायमसिनोलोन 40 एमजी, थेट सांध्यात. सुईचं काही नाही हो, पण त्या रात्री खांदा जो काय ठणकला! हे होऊ शकतं, एकदोन दिवसांत बसतं. आठवड्याभरात मात्र उजव्या कुशीवर झोपले, कितीतरी महिन्यांनी, आणि फक्त तेवढ्यासाठीही मी ते परत घेईन. शुगर उपाशीपोटी दोनशेच्या वर गेली आणि काही दिवस तिथेच बसली, डॉक्टरांनी आधी बजावलेलं म्हणून निभावलं, तुम्हाला डायबेटिस असेल तर हे विचारल्याशिवाय टोचून घेऊच नका.

पण दुखणं गेलं म्हणजे हात सुटला असं नाही ना. पाठीमागे हात नेऊन हुक लावणं बंदच, कोपर कमरेला लावून हात बाहेर फिरवायचा म्हटलं तर दार घट्ट बसावं तसा अडकायचा. दोनेक महिन्यांनी दुखणंही हळूहळू परत यायला लागलं.

मग हायड्रोडायलेटेशन. सोनोग्राफीत बघत बघत सलाईन, भुलीचं औषध आणि थोडं स्टिरॉइड सांध्यात भरतात, साध्या इंजेक्शनपेक्षा कितीतरी जास्त, मला तीसेक एमएल, म्हणजे आकसलेलं आवरण आतून ताणलं जातं. दाब दंडापर्यंत उतरत गेला, नको नको झालं, आणि मग एकदम काहीतरी सुटलं. यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं, माझ्यातही होतं, त्यामुळे 'नुसतं पाणी आहे' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, शुगर याही वेळी चढली. पण फिजिओ त्याच दिवसापासून, पुली आणि भिंतीवर बोटांनी चढणं. फ्रिजशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करत होते, कालनिर्णयच्या खिळ्याच्या वर बोट पोचलं तेव्हा सासूबाईंनी शिरा केला.

नणंदेनं पीआरपी घेतलं, स्वतःचंच रक्त फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स. शुगर चढत नाही हा मोठा फायदा, पण खर्च कितीतरी पट आणि गुण हळूहळू. शिवाय तिचा खांदा तेव्हा सुटायच्या स्टेजलाच होता, त्यामुळे श्रेय पीआरपीला द्यायचं की काळाला, कोण सांगणार? मला एका क्लिनिकमध्ये पहिल्याच भेटीत तीन पीआरपींचं पॅकेज ऐकवलं, खांदा नीट हलवून बघायच्या आधी. तिथून उठले.

ऑपरेशनची घाई कोणी करत असेल तर एवढं सांगते, 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 503 पेशंटांची ब्रिटनमधली ट्रायल आली होती, भूल देऊन खांदा फिरवणं, दुर्बिणीतून सोडवणं, किंवा स्टिरॉइड इंजेक्शनसह फिजिओ, तिन्हींत वर्षभरानंतर असा एकही उपाय निघाला नाही जो बाकी दोघांना स्पष्ट मागे टाकेल.

माझं मत विचाराल तर रात्रीची झोप उडालीय तेव्हा साधं स्टिरॉइड, दुखणं कमी पण हात जखडलाय तेव्हा हायड्रोडायलेटेशन, आणि व्यायाम करणार नसाल तर दोन्हीचे पैसे वाया. इंजेक्शनच्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा, हात काही तास बधिर असतो. कर्वे रोडवर रिक्षात धरायला चांगला हात लागतो, तो जिकडे असेल त्या बाजूला बसा.