क्रॉनिकलिंग अमेरिका: दोन कोटी पानं फुकट, पण शोधखिडकीवर भरवसा ठेवू नका

गुलामगिरीविरोधी चळवळ, यादवी युद्ध, कामगारांचे संप, वंशद्वेषी हिंसाचार, मताधिकाराचे लढे: अमेरिकेच्या इतिहासातली ही उलथापालथ त्या-त्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत वाचायची असेल, तर क्रॉनिकलिंग अमेरिका या जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहाइतकी मोठी फुकट सोय दुसरी नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि अनुदान देणारी सरकारी संस्था नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज यांचा हा संयुक्त उपक्रम 2007 पासून लोकांसाठी खुला आहे. 2 कोटींहून जास्त पानं आहेत. खातं उघडावं लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि कोणत्याही देशातून वापरता येतं. तरीही बरेच जण एखादा शब्द टाकतात, हजारो निकाल बघून गांगरतात किंवा शून्य निकाल बघून ‘इथे काही नाही’ असं ठरवून निघून जातात. दोन्हींची कारणं ठरावीक आहेत.

आधी हा माल येतो कुठून ते समजून घ्यावं. प्रत्येक राज्यातल्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला अनुदान मिळतं. ती संस्था वर्तमानपत्रं निवडते आणि दोन वर्षांत साधारण 1 लाख पानं तयार करून देते. मूळ कागद क्वचितच स्कॅन होतो, बहुतेक काम जुन्या मायक्रोफिल्मवरून (पानांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मवरून) चालतं. फिल्म धूसर असेल, बांधणीजवळचा रकाना वाकलेला असेल किंवा मागच्या पानाची शाई पुढे उमटली असेल, तर त्यावरून संगणकाने ओळखलेला मजकूर बिघडतो. ‘ई’ चा ‘सी’ होतो, ‘आर-एन’ जोडून ‘एम’ होतो, ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द दोन तुकडे होऊन पडतो. 1800 च्या आसपास आणि त्याआधीच्या छपाईत लांब ‘एस’ असतो, तो ‘एफ’ म्हणून वाचला जातो. शोधखिडकी पानाचं चित्र शोधत नाही, हा बिघडलेला मजकूर शोधते. म्हणून शून्य निकालाचा अर्थ फक्त एवढाच, की त्या अक्षरांत तो शब्द ओळखला गेला नाही.

दुसरी उणीव जास्त त्रासाची आहे. इथे लेखांची विभागणी नाही, पान हे एकच एकक. दोन शब्द टाकले, तर एक पहिल्या रकान्यातल्या बातमीत आणि दुसरा सातव्या रकान्यातल्या औषधाच्या जाहिरातीत असला तरी पान निकालात येतं. यावर उपाय म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये जाऊन नेमका वाक्प्रयोग टाकणं आणि राज्य, वर्तमानपत्र, तारीख यांनी चाळणी बारीक करत नेणं. तारखेची चाळणी सगळ्यात कामाची. घटनेचा दिवस माहीत असेल तर सुरुवातीला दोन आठवड्यांचीच खिडकी ठेवावी. साप्ताहिकात बातमी उशिरा येते, तेवढं धरून चालावं.

ही सेवा काय देऊ शकते याचा नमुना बघायचा असेल, तर वर्तमानपत्र म्हणून ओहायोचं गुलामगिरीविरोधी अँटी-स्लेव्हरी ब्युगल निवडा, तारीख जून 1851 आणि शब्द एकच: सोजर्नर (Sojourner). 21 जूनच्या अंकात चौथ्या पानावर, गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढणाऱ्या सोजर्नर ट्रुथ यांनी मे महिन्यात अ‍ॅक्रनच्या स्त्री हक्क परिषदेत केलेलं भाषण सापडतं. ते परिषदेचे सचिव मारियस रॉबिन्सन यांनी टिपलं होतं. पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांना ठाऊक असलेलं, ‘मी बाई नाही का?’ हे पालुपद पुन्हा पुन्हा येणारं रूप त्यात नाही. ते रूप परिषदेच्या अध्यक्षा फ्रान्सिस गेज यांनी 1863 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी छापलं, आणि त्यात ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली घातली. ट्रुथ न्यू यॉर्क राज्यातल्या, त्यांची पहिली भाषा डच. यावर अभ्यासकांनी भरपूर लिहिलंय, पण मूळ पान समोर ठेवून स्वतः ताडून बघायला इथे दोन मिनिटं पुरतात. माझ्या मते या सेवेची खरी किंमत अशा ताडून बघण्यात आहे.

शोधशब्द त्या काळाचे हवेत. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या ग्रीनवुड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर 31 मे आणि 1 जून 1921 ला झालेल्या हल्ल्याला आज हत्याकांड म्हणतात. 1921 च्या अंकांत ‘रेस रायट’ (race riot, म्हणजे वांशिक दंगल) शोधावं लागतं. हा शब्द भाबडेपणाने आलेला नव्हता. विमा पॉलिसींत दंगलीतल्या नुकसानीला भरपाई नाही असं कलम होतं आणि त्याच आधारावर ग्रीनवुडमधल्या लोकांचे दावे फेटाळले गेले. कृष्णवर्णीयांसाठी ‘कलर्ड’, ‘निग्रो’ आणि त्याहून हीन शब्द वापरल्याशिवाय एकोणिसाव्या शतकातलं फारसं काही हाती लागत नाही. अंगावर येणाऱ्या भाषेची तयारी ठेवूनच बसावं. पानं गाळलेली किंवा सौम्य केलेली नाहीत, आणि तेच योग्य आहे.

याच टल्सावरून संग्रहाची मर्यादाही कळते. गोऱ्यांच्या मालकीचं टल्सा डेली वर्ल्ड इथे आहे. मोठ्या घटनेच्या दिवशी जादा अंक निघत, तेव्हा एकाच तारखेला एकाहून अधिक आवृत्त्या आहेत का ते तपासावं. सकाळची आकडेवारी दुपारी बदललेली असते. ए. जे. स्मिदरमन यांचं टल्सा स्टार हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्रही आहे, पण फक्त हल्ल्याच्या आधीचं. छापखाना जळाला आणि स्मिदरमन यांना शहर सोडून पळावं लागलं. हल्ला पेटवण्याचा ठपका ज्या बातमीवर ठेवला जातो ती टल्सा ट्रिब्यूनने 31 मे ला छापली, पण त्या अंकाचं मायक्रोफिल्म होण्याआधीच कुणीतरी ती पहिल्या पानावरून फाडून काढली होती.

हे एकट्या टल्साचं नाही. झुंडबळींविरुद्ध लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्या मेम्फिसमधल्या फ्री स्पीच या वर्तमानपत्राचं कार्यालय 1892 मध्ये झुंडीने उद्ध्वस्त केलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये 10 नोव्हेंबर 1898 ला कृष्णवर्णीय संपादक अलेक्झांडर मॅनली यांच्या डेली रेकॉर्डची इमारत जाळली. ज्यांची घरं जाळली त्यांचे छापखानेही जाळले, म्हणून निकालांच्या यादीत हल्लेखोरांची बाजू आपोआप जड होते. यावर एक जुनी वाट आहे. 1792 च्या टपाल कायद्यापासून संपादकांना एकमेकांचे अंक टपालाने फुकट पाठवता येत आणि एकमेकांचे उतारे सर्रास छापले जात. म्हणून नष्ट झालेल्या वर्तमानपत्राचं नाव दुसऱ्या शहरांच्या अंकांत शोधावं. विरोधकांनी शिव्या घालायला उद्धृत केलेलं असलं तरी मजकूर सापडतो. शिवाय जॉन मिचेल ज्युनिअर यांचं रिचमंड प्लॅनेट हे कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक उघडावंच. 1884 पासून 1929 पर्यंत त्यांनी ते चालवलं आणि झुंडबळींविरुद्ध सतत लिहिलं. गुलामगिरीतून सुटून चळवळीचे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांचं 1870 च्या दशकातलं न्यू नॅशनल एराही आहे. रॉबर्ट अ‍ॅबट यांचं कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र शिकागो डिफेंडर मात्र इथे शोधू नका. ते पैसे भरून घ्यायच्या संग्रहांत आहे, आणि विसाव्या शतकातल्या, कृष्णवर्णीयांच्या दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्याला ही उणीव चांगलीच जाणवते.

कामगार लढ्यांसाठी अ‍ॅरिझोनाचं बिस्बी डेली रिव्ह्यू वाचण्यासारखं आहे, अट एकच: मालक कोण हे आधी माहीत हवं. 12 जुलै 1917 ला शेरीफ हॅरी व्हीलर यांच्या माणसांनी जवळपास 1,200 संपकरी खाणकामगार आणि त्यांचे पाठीराखे बंदुकीच्या धाकावर रेल्वेच्या 23 डब्यांत कोंबले आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले. वर्तमानपत्रावर ताबा होता फेल्प्स डॉज या खाण कंपनीचाच. गावातून बातमी बाहेर जाऊ नये म्हणून तारखात्याचा संपर्कही अडवला होता. म्हणून त्याच आठवड्यातलं एल पासो हेरल्ड शेजारी उघडून दोन्ही पानं आळीपाळीने वाचावीत.

निकालांची संख्या मोजून निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक. एकच बातमी तारेवरून शंभर ठिकाणी छापली जाई, त्यामुळे शंभर निकाल म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. छोटी साप्ताहिकं तर आतली पानं बाहेरून तयार छापलेली विकत घेत आणि उरलेल्या पानांवर गावच्या बातम्या छापत. मजकूर शब्दशः सारखा दिसला, की मूळ बातमीच्या सुरुवातीचं गाव आणि तारीख बघावी आणि तिथलंच वर्तमानपत्र शोधावं.

पान सापडलं की उतरवून घेताना थोडी काळजी घ्यायची. छापायला पीडीएफ पुरते. बारीक अक्षर वाचायचं असेल तर जेपीटू (JP2) या चित्र-स्वरूपातली मोठी प्रत घ्यावी, फाइल जड असते पण झूम केल्यावर अक्षर फुटत नाही. संगणकाने ओळखलेला मजकूर अवतरण म्हणून कधीच उचलू नये. चित्र बघून हाताने टाइप करावा. नोंदीत वर्तमानपत्राचं नाव, गाव, तारीख, आवृत्ती, पान आणि रकाना लिहावा, नुसती लिंक पुरत नाही. जुनं संकेतस्थळ बंद करून सगळं लायब्ररीच्या मुख्य संकेतस्थळावर नेल्यापासून तर हे फारच खरं आहे. नवी मांडणी दिसायला नेटकी आहे, पण पूर्वीची साधी, पटापट उघडणारी पानं बरी होती असं वाटतं. प्रोग्राम लिहून पानं ओढणाऱ्यांनी वेग आवरावा, थोड्या वेळात जास्त विनंत्या गेल्या की प्रवेश काही काळ अडवला जातो. त्यांच्यासाठी मजकुराचे गठ्ठे वेगळे उतरवता येतात.

1963 नंतरचं काही मिळणार नाही. 1964 पासून प्रसिद्ध झालेल्या मजकुराच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण आपोआप होतं. त्याआधीच्या मजकुराचं करून घ्यावं लागे आणि अनेक छोट्या वर्तमानपत्रांनी ते केलं नाही. म्हणून 1963 ही रेघ. पण 1920 च्या दशकानंतरच माल विरळ होत जातो, त्यामुळे 1955 चा माँटगोमेरीचा बस बहिष्कार किंवा 1960 चं ग्रीन्सबरोचं धरणं आंदोलन अभ्यासायला हा संग्रह अपुरा आहे. दुसरे फुकट संग्रहही बघावेत. विल्यम लॉइड गॅरिसन यांचं गुलामगिरीविरोधी साप्ताहिक लिबरेटर बोस्टन पब्लिक लायब्ररीने डिजिटल कॉमनवेल्थ या संकेतस्थळावर फुकट ठेवलंय. कॅलिफोर्नियासाठी त्या राज्याचा स्वतंत्र वृत्तपत्र संग्रह वापरावा, तिथे चुकलेला मजकूर वाचकांना दुरुस्त करता येतो.

आणि हवं ते वर्तमानपत्र कुठेच डिजिटल मिळालं नाही, तर याच उपक्रमातली अमेरिकी वृत्तपत्रांची सूची उघडा. 1690 पासूनची वर्तमानपत्रं, ती कोणत्या नावांनी निघाली आणि कोणत्या ग्रंथालयात त्यांचे कोणते अंक कागदावर किंवा मायक्रोफिल्मवर आहेत, हे तिथे मिळतं. ग्रंथालयाला पत्र लिहिताना सूचीतला नोंद क्रमांक द्यावा. एकाच नावाची वर्तमानपत्रं अनेक गावांत निघत, नुसत्या नावावर भलतीच फिल्म काढली जाते.