ग्लार्जिन सोडून डेग्लुडेकवर: रात्री शांत झाल्या, हाताला मात्र लगाम लागला

शाळेत असताना टाइप वन मधुमेह निघाला. तेव्हापासून बेसल इन्सुलिनच्या, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेल्या, दिवसभर संथ काम करणाऱ्या इन्सुलिनच्या, तीन पिढ्या माझ्या मांड्यांनी सोसल्या आहेत. पहिलं एनपीएच. दुधाळ दिसायचं, टोचण्याआधी तळहातांमध्ये घोळवून घ्यावं लागायचं आणि टोचल्यावर काही तासांनी हमखास उसळी मारायचं. मग ग्लार्जिन, तेही बरीच वर्षं. आणि आता डेग्लुडेक, जे ट्रेसिबा या नावाने मिळतं. नव्याची नवलाई संपेपर्यंत मुद्दाम थांबले होते. ती आता संपली आहे, म्हणून लिहिते.

ग्लार्जिनवर माझा राग नाही. एनपीएच भोगलेल्या माणसाला ते वरदानच वाटतं. २००० साली मंजुरी मिळालेलं हे औषध पेनमध्ये आम्लधर्मी असतं. त्वचेखाली गेलं की तिथे आम्लता नसल्यामुळे त्याचे बारीक कण होऊन साका बसतो आणि त्या साक्यातून इन्सुलिन सावकाश सुटत राहतं. टोचताना काहींना जी चुणचुण होते तीही या आम्लामुळेच. कागदावर त्याचा परिणाम साधारण २४ तास. माझ्या अंगात ते तेवढं टिकत नव्हतं. रात्री दहाला घ्यायचे. पहाटे दोन-तीनच्या सुमारास शुगर ७० च्या खाली जायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहानंतर, तोंडात काही घातलेलं नसलं तरी, वर सरकायला लागायची. म्हणजे आधी जास्त, शेवटी अपुरं. डोस वाढवला की पहाट बिघडायची, कमी केला की संध्याकाळ.

त्यात माझी नोकरी कंट्रोल रूममधली, पाळ्या बदलणारी. रात्रपाळीत समोर स्क्रीन, कानाला हेडफोन आणि नेमकं त्याच वेळी घाम फुटून हात थरथरायला लागणार. ड्रॉवरमध्ये ग्लुकोजच्या गोळ्यांचा डबा कायम असायचा आणि तो फार लवकर रिकामा व्हायचा.

डॉक्टर मॅडमनी दोन पर्याय सांगितले. एक, ग्लार्जिनच, पण तिप्पट तीव्रतेचं, यू-३००. त्याचा त्वचेखालचा साठा आटोपशीर असतो, त्यामुळे ते जास्त संथपणे सुटतं. मात्र बऱ्याच जणांना त्याचे युनिट थोडे जास्त लागतात. दुसरा, डेग्लुडेक. मी विचारलं, "मॅडम, यानं एचबीए१सी कमी होईल का?" (एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा.) त्या म्हणाल्या, "त्या आशेवर बदलू नका. रात्रीसाठी बदला." त्यांनी स्विच १ या चाचणीबद्दल सांगितलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी टाइप वनच्याच लोकांवर झाली होती. प्रत्येकाला आळीपाळीने दोन्ही इन्सुलिन दिली होती, डेग्लुडेक आणि ग्लार्जिन यू-१००, म्हणजे नेहमीच्या तीव्रतेचं. डोस बसल्यानंतरच्या काळात लक्षणांसह येणारे हायपो (शुगर फार खाली जाणं) डेग्लुडेकवर ११ टक्क्यांनी कमी निघाले आणि रात्रीचे ३६ टक्क्यांनी. पहिला आकडा ऐकून मी फार हलले नाही. दुसऱ्याने कान टवकारले.

आता पहिल्या आठवड्याबद्दल, कारण बदलताना माणसं तिथेच हाय खातात. माझं ग्लार्जिन २२ युनिट होतं. मॅडमनी डेग्लुडेक १८ वर सुरू केलं, म्हणजे जवळपास २० टक्के कमी. (हे माझे आकडे आहेत, तुमच्या डॉक्टरांचे वेगळे असतील आणि तेच खरे.) पहिल्या दोन सकाळी शुगर दोनशेच्या वर. सवयीचा हात लगेच पेनच्या डायलकडे गेला असता, पण मॅडमनी आधीच बजावलं होतं: निदान तीन-चार दिवस बेसलला हात लावायचा नाही, जे वर जाईल ते जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनने खाली आणायचं.

कारण सरळ आहे. डेग्लुडेक अंगातून अर्धं व्हायला साधारण २५ तास लागतात. आजच्या डोसवर कालचा आणि परवाचा शिल्लक भाग चढत जातो आणि तीन-चार दिवसांनी पातळी स्थिर होते. हौद भरल्याशिवाय नळाला नीट धार लागत नाही, तसा प्रकार. जुनं ग्लार्जिन तर एका दिवसात संपलेलं असतं. मधल्या दिवसांत शुगर चढी राहिली म्हणजे डोस कमी पडतोय असं नव्हे. तिसऱ्या दिवशी कुणी घाबरून चार युनिट वाढवले तर सहाव्या दिवशी हायपो गाठणार आणि तेव्हा खापर इन्सुलिनवर फुटणार. माझी गाडी चौथ्या दिवशी रुळावर आली. पुढे एक युनिट वाढवून १९ वर स्थिरावले, अजून तिथेच आहे.

हे इतकं संथ का, याची रसायनातली गोष्ट मला आवडते. पेनमध्ये सहा-सहा रेणूंचे गट जोडीजोडीने बांधलेले असतात आणि त्यात मिसळलेलं फिनॉल त्यांना तसंच धरून ठेवतं. त्वचेखाली फिनॉल पांगलं की या जोड्या एकमेकींना चिकटून लांबच लांब साखळ्या होतात. मग जस्त हळूहळू सुटत जातं तसतसे साखळीच्या टोकांकडून रेणू मोकळे होतात. शिवाय प्रत्येक रेणूला सोळा कार्बनची मेदाम्लाची शेपटी जोडलेली असते. तिच्यामुळे रक्तात गेल्यावरही तो अल्ब्युमिनला धरून राहतो. एकूण परिणाम ४२ तासांच्याही पुढे जातो, म्हणून रोज घेतलं की चढउतार जवळपास पुसले जातात.

आणि पुसले गेलेही. अंगावर लावलेल्या, सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरवरची रात्रीची रेघ इतकी सरळ आली की नवरा सकाळी म्हणाला, "अगं, सेन्सर बंद पडलाय का बघ." या माणसाला इतक्या वर्षांत अलार्म वाजायच्या आधीच जाग यायची सवय लागली होती. आता तो घोरतो, ही नवी तक्रार. ७० च्या खाली जाणारा वेळ आधी दिवसाच्या ७ टक्के असायचा, तो २ टक्क्यांवर आला. साधारणपणे तो ४ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. एचबीए१सी मात्र ७.४ ची ७.३ झाली, म्हणजे मॅडम म्हणाल्या तसंच.

पण मला न सांगितलेली एक गोष्ट घडली. बेसल सपाट झालं आणि रात्रीच्या जेवणानंतर दहाच्या सुमारास शुगर खाली यायला लागली. आधी वाटलं, डेग्लुडेकच जास्त होतंय. मग एका संध्याकाळी मॅडमच्या सांगण्यावरून जेवण पुढे ढकललं, बोलस (जेवणाआधीचं जलद इन्सुलिन) घेतलाच नाही आणि तासातासाला आकडा पाहिला. रेघ हलली नाही. म्हणजे बेसल बरोबर होतं, गडबड बोलसमध्ये होती. ग्लार्जिन रोज संध्याकाळी ओसरायचं, त्याची भरपाई माझा जेवणाचा बोलस वर्षानुवर्षं गुपचूप करत होता. ८ ग्रॅम कार्बला (कर्बोदकांना) १ युनिट हे माझं रात्रीचं प्रमाण मी अगदी शरीराचा नियम असल्यासारखं सांगायचे. ते १० ग्रॅमला १ करावं लागलं. बेसल बदलणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे की जेवणाची प्रमाणं पुन्हा तपासायची तयारी ठेवा. हे इन्सुलिन शुगर सुधारत नाही. ते स्वतः मध्येमध्ये करायचं थांबवतं आणि मग बाकीच्या हिशोबातल्या खोट्या बाजू उघड्या पडतात.

पाळ्यांच्या दृष्टीने सुख आहे. रोज एकच वेळ ठेवणं चांगलं आणि मी ठेवतेही. पण पाळी बदलली, डोस चुकला, तर आठवेल तेव्हा घेता येतो, दोन डोसांमध्ये किमान ८ तास असले म्हणजे झालं. ग्लार्जिनच्या वेळी दहाचा गजर चुकला की पुढचा दिवस नासायचा.

आता तक्रारी. मोठी एकच आहे, पण ती वारंवार भेटते: याला चटकन वळवता येत नाही. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर पूर्वी मी आदल्या रात्रीचं ग्लार्जिन कमी करायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग दिसायचा. डेग्लुडेक आज कमी केलं तर उद्या त्याचा जेमतेम अर्धा परिणाम दिसतो, आणि उरलेला परवा, जेव्हा मी खुर्चीत बसलेली असते. त्यामुळे चढाईच्या दिवशी सगळी तडजोड बोलस कमी करून आणि वाटेत खाऊनच करावी लागते.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट, जी दवाखान्यात क्वचितच निघते. पाळी यायच्या आधी चार-पाच दिवस माझी शुगर अडून बसते, इन्सुलिन जास्त लागतं. पाळी सुरू झाली की एका दिवसात गरज धाडकन खाली येते. ग्लार्जिन दोन युनिट वर, मग दोन युनिट खाली, असं जमायचं. डेग्लुडेक वाढवलं तर ते पूर्ण लागू होईपर्यंत पाळी येऊन ठेपते, आणि वाढवलेलं इन्सुलिन अंगात असतानाच गरज घटलेली असते. दोन महिने मॅडमशी बोलून प्रयोग केले, शेवटी ठरलं की बेसल महिनाभर तेच ठेवायचं आणि ते दिवस जलद इन्सुलिनने निभावायचे. निभतं, पण पूर्वीइतकं सुबक नाही.

पहाटेची चढण यानेही गेली नाही. पहाटे चारनंतर कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन शुगर वर ढकलतात. सपाट इन्सुलिन तिथे सपाटच राहणार. ज्यांना डेग्लुडेककडून ही अपेक्षा आहे त्यांची निराशा होईल. आणि डोस खरोखर जास्त झाला असेल तर एकदा गोळ्या खाऊन भागत नाही, तासा-दोन तासांनी शुगर पुन्हा घसरू शकते. अशा दिवशी सेन्सरवर नजर ठेवूनच बसावं लागतं.

पेन छान आहे. डोस फिरवला तरी बटण बाहेर येत नाही, अंगठ्याला जोर लागत नाही, शेवटी टक् आवाज होतो. काउंटर शून्यावर आल्यावर सावकाश सहापर्यंत मोजून मगच सुई काढायची. यू-१०० आणि यू-२०० अशा दोन तीव्रता मिळतात. दोन्हींत डायलवर दिसतो तो आकडा युनिटचाच असतो, गुणाकार-भागाकार करायचा नसतो, आणि पेनमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायचं तर मुळीच नाही. उघडलेलं पेन ८ आठवडे चालतं याचं बरंच कौतुक ऐकलं होतं. ग्लार्जिन यू-१०० चं २८ दिवस चालतं. पण १९ युनिट आणि रोज दोन युनिट हवा काढायला, या हिशोबाने ३०० युनिटचं पेन माझ्याकडे पंधरवड्यात संपतं. त्या ८ आठवड्यांचा फायदा अगदी लहान डोसवाल्यांना. एक सावधगिरी: जलद इन्सुलिनचं पेनही त्याच कंपनीचं असेल तर अंधारात दोन्ही हाताला सारखीच लागतात. १९ युनिट जलद इन्सुलिन चुकून गेलं तर काय होईल हे आपल्या मंडळींना सांगायला नको. माझं बेसलचं पेन उशाजवळ असतं, जलदचं पर्समध्ये, आणि दिवा लावल्याशिवाय मी टोचत नाही.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या आयकोडेक या बेसल इन्सुलिनबद्दल मला मैत्रिणी विचारतात. युरोपात २०२४ साली त्याला मंजुरी मिळाली, पण टाइप वनच्या चाचणीत रोजच्या डेग्लुडेकपेक्षा त्यावर हायपो जास्त झाले. पाळीच्या दिवसांत मला चार दिवसांची जडता नको होते, तिथे आठवड्याची कोण घेणार.

तर कुणी घ्यावं? रात्री ज्यांची शुगर पडते, ज्यांच्या वेळा कामाच्या पाळ्यांमुळे बदलतात, ज्यांचं बेसल चोवीस तास पुरत नाही, त्यांनी डॉक्टरांकडे विषय जरूर काढावा. रोज वेगळा व्यायाम, एक दिवस धावणं आणि दोन दिवस बैठक, असं ज्यांचं आयुष्य आहे किंवा पहाटेची चढण हीच ज्यांची मुख्य डोकेदुखी आहे, त्यांनी त्याच भेटीत इन्सुलिन पंपाबद्दलही विचारावं. तिथे तासातासाचं बेसल वेगळं ठेवता येतं.