मिहानमधून महालातल्या कंटेनरमध्ये: सात महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसातून घरच्या सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये शिरण्याची ही मांडणी दिवाळी झाल्यावर उभी केली, आता मृग लागलाय. इतके दिवस रोज वापरल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं.

आमच्या महालात, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीत, एक जुनं वाचनालय आहे. तिथली पुस्तकनोंद आणि देवघेव मी संगणकावर आणून दिली. सर्व्हर म्हणजे माझ्या घरचा जुना टॉवर पीसी. त्यावर डेबियन लिनक्स, केव्हीएमचं एक व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक), आणि त्या मशीनच्या पोटात डॉकरचे दोन कंटेनर, म्हणजे एकेक प्रोग्राम वेगळा ठेवणारे कप्पे: पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि वेब ॲप. माझी नोकरी मिहान या नागपूरच्या औद्योगिक भागात. संध्याकाळी वाचनालय उघडतं तेव्हा मी ऑफिसात असते, आणि ग्रंथपाल काकांचा फोन येतो, "अगं, यादी दिसून नाही राहिली." त्या क्षणी मला थेट कंटेनरच्या आतला शेल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, हवा असतो.

सुरुवातीला कंटेनरमध्येच एसएसएच (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय) सर्व्हर बसवला होता. पंधरा दिवसांत काढून टाकला. इमेज (कंटेनरचा साचा) नव्याने बांधली की होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख, बदलायची, लॅपटॉप ओरडायचा, आणि एका कामासाठी असलेल्या कंटेनरमध्ये दोन प्रोसेस सांभाळाव्या लागायच्या. आता एसएसएच व्हर्च्युअल मशीनपर्यंतच जातं, आणि पुढचं पाऊल 'डॉकर एक्झेक'चं, म्हणजे चालू कंटेनरच्या आत कमांड चालवण्याचं.

आमच्या इंटरनेटवाल्याकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडण्याचा प्रश्नच नव्हता. एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला. घरचा पीसी आणि माझा लॅपटॉप, दोघंही वायरगार्ड या व्हीपीएनने त्याला जोडलेले असतात. घरच्या बाजूला दर २५ सेकंदांनी कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा इशारा, ठेवला, नाहीतर बाहेरून येणाऱ्या डेटाच्या पाकिटांसाठी वाट उरत नाही. व्हर्च्युअल मशीन लिबव्हर्टच्या (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाच्या) १९२.१६८.१२२ या आतल्या जाळ्यात आहे, तिथे घरचा पीसी ओलांडूनच जाता येतं. त्यासाठी 'प्रॉक्सीजम्प', म्हणजे मधल्या मशीनवरून पुढच्या मशीनवर उडी. ओपनएसएसएचमध्ये ही सोय २०१६ पासून, ७.३ आवृत्तीपासून आहे. मधल्या पीसीवर माझी खाजगी की ठेवावी लागत नाही, तो फक्त वाहतूक पुढे ढकलतो. म्हणूनच एजंट फॉरवर्डिंगपेक्षा (त्यात मधल्या मशीनला माझी की वापरता येते) मला हे कितीतरी जास्त आवडतं.

लॅपटॉपवरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'रिमोटकमांड'ला एक्झेकची ओळ दिली आणि 'रिक्वेस्टटीटीवाय' चालू केलं (टीटीवाय म्हणजे टाइप करायला लागणारं टर्मिनल). आता 'एसएसएच पुस्तकं' एवढं लिहिलं की मी पोस्टग्रेसच्या कंटेनरमध्ये. टीटीवाय विसरलात तर प्रॉम्प्टच दिसत नाही, आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजमध्ये मूळचा बॅश शेल नसतो, तिथे 'एसएच' हा साधा शेल मागावा लागतो. त्या नावाने दुसरी कमांड देता येत नाही, म्हणून व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळं नाव ठेवलंय.

जानेवारीत एक चूक झाली, तिचं मला अजून वाईट वाटतं. लॉग पाहायला 'एक्झेक'ऐवजी 'अटॅच' केलं आणि बाहेर पडायला कंट्रोल-सी दाबलं. अटॅच मुख्य प्रोसेसलाच जोडतं, त्यामुळे ॲप बंद पडलं. शनिवारची संध्याकाळ, काउंटरवर मुलांची रांग. काका काही बोलले नाहीत, वहीत नोंदी करत बसले. कंटेनर टीटीवायसह सुरू केलेला असेल तर अटॅचमधून सुटायला कंट्रोल-पी, मग कंट्रोल-क्यू. त्या रात्री दोन्ही कंटेनरना 'अनलेस स्टॉप्ड' ही रीस्टार्ट पॉलिसी (आपण थांबवला नसेल तर कंटेनर आपोआप पुन्हा सुरू) लावली आणि अटॅच वापरणं सोडलं.

दुसरा त्रास महिनाभर कळलाच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून जोडणी व्हायची, छोट्या कमांड चालायच्या, पण लांबलचक लॉग मागवला की पडदा थिजायचा. मी एसएसएचला दोष देत राहिले. शेवटी वायरगार्डचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, १४२० वरून १२८० वर आणला आणि ते थांबलं. मोठी पाकिटं वाटेत अडकत होती. हे लक्षण दिसलं तर आधी एमटीयू बघा.

जोडणी तुटली तरी एक्झेकने सुरू केलेली प्रोसेस कंटेनरात मागे राहू शकते, म्हणून लांब चालणारं काम मी व्हर्च्युअल मशीनवरच्या टीमक्समधूनच (जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणारं साधन) करते.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी, पण मनापासून. डॉकर ग्रुपमधला माणूस त्या मशीनचा रूटच, म्हणजे सर्वाधिकारीच, समजा, तिथे कोणालाही सहज घेऊ नका. आणि पोर्ट प्रकाशित करताना १२७.०.०.१ (फक्त त्याच मशीनला दिसणारा पत्ता) लिहा. डॉकर लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो, ते यूएफडब्ल्यू या फायरवॉलला विचारत नाहीत. मी यूएफडब्ल्यूने पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट बंद केलंय अशा समजुतीत होते. माझं व्हर्च्युअल मशीन तेव्हा ब्रिजवर, म्हणजे थेट घरच्या जाळ्यात, होतं, आणि घरच्या वायफायवरच्या कोणालाही डेटाबेसचं दार दिसत होतं.

आणि नागपूरचा उन्हाळा! पारा ४५ च्या आसपास, दुपारी वीज जाते, वळवाच्या वादळात तर हमखास. यूपीएस वीसेक मिनिटं धरतो, त्यापुढे पीसी बंद. पूर्वी बाबांना फोन करून बटण दाबायला सांगावं लागायचं. मग पीसीच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंग्जमध्ये) वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग, व्हर्च्युअल मशीनला लिबव्हर्टचं ऑटोस्टार्ट आणि कंटेनरची रीस्टार्ट पॉलिसी, असे तिन्ही थर एकावर एक लावले. यातला एक जरी राहिला तरी बाहेरून थेट कंटेनरच्या आत जाता येत नाही. मेमध्ये चार वेळा वीज गेली, चारही वेळा बाबांना उठावं लागलं नाही.

अजून एक काम बाकी आहे. वेब ॲपची इमेज लहान करायची आहे, पण शेल नसलेली इमेज घेतली तर एक्झेकने आत जाणार कुठे? त्याच कंटेनरचं पीआयडी आणि नेटवर्क नेमस्पेस (त्याच्या प्रोसेस आणि जाळ्याची हद्द) घेऊन शेजारी दुसरा कंटेनर चालवून पाहिलाय, प्रोसेस आणि पोर्ट त्यातून नीट दिसतात. या रविवारी, वाचनालय बंद असताना, तो बदल करणार आहे.