जुन्या गोठ्याच्या जोत्यावर लोखंडी सांगाड्याची खोली: अठरा महिने, दोन पावसाळे

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागचा गोठा आडवा झाला. कौलं फुटली, वासे मोडले, पण अठरा बाय बारा फुटांचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जोतं जागचं हललं नाही. चार वर्षं बाबा त्यावर सुपारी वाळत घालत होते. एप्रिल २०२४ मध्ये त्यावर अवजारं, नारळ आणि आंब्याची क्रेटं ठेवायला खोली बांधली. अशी पडून असलेली जोती कोकणात घरोघरी आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या मनात आधी पूर्ण चिऱ्याची खोली होती. गवंडीकाकांनी दोन कोपरे खणायला लावले, तेव्हा कळलं की पाया जेमतेम दीड फूट खोल आहे आणि वळचणीच्या एका कोपऱ्याखालची माती पागोळ्यांनी धुऊन नेली आहे. नऊ इंची चिऱ्याच्या भिंती नऊ फूट उंच चढवल्या तर वजन वीस टनांच्या आसपास जातं. जुन्या गोठ्याला कमरेएवढी भिंत होती आणि वर लाकडी खांब. जोतं बांधलं होतं तेवढ्यासाठीच. हलक्या सिमेंटच्या ब्लॉकचं वजन एक तृतीयांशावर येतं, पण आमच्याकडच्या झडीत ते बाहेरून नीट गिलाव्याशिवाय टिकणार नाहीत, आणि गिलावा, रंग, मजुरी धरून खर्च चिऱ्याच्या जवळच जात होता. लाकडाचा विचार वाळवीने संपवला. पडलेल्या गोठ्याच्या ऐनाच्या खांबांचे बुंधे हाताने चुरले जात होते.

तयार पॅनेलची खोलीही बघितली. ती बसली नसती, कारण जोतं गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हतं. अठरा-बाराचा कर्ण २१ फूट साडेसात इंच यायला हवा. आमचे दोन कर्ण मोजले तर त्यांच्यात चार इंचांचा फरक. कुठल्याही पद्धतीचा भाव विचारण्याआधी टेप घेऊन हे दोन कर्ण मोजा आणि पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची लेव्हल बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

शेवटी ठरलं ते असं: खाली तीन फूट जुन्याच चिऱ्यांची भिंत, त्यावर चौकोनी पाइपचा सांगाडा, आणि वर व बाजूंना अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा. खर्च १ लाख ६२ हजार. पूर्ण चिऱ्याचा अंदाज याच्या जवळजवळ दुप्पट होता.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा उमगली, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. जड बांधकामात पाया खचण्याची भीती असते, हलक्या बांधकामात उडून जाण्याची. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो होतो. वळचणीसकट आमचं छप्पर ३२ चौरस मीटर. तेवढाच ओढा वरच्या दिशेने लागला तर दोन टनांहून जास्त. पत्रे आणि कैच्या (छपराचे त्रिकोणी आधार) मिळून वजन फार तर चारशे किलो! फॅब्रिकेटर, म्हणजे सांगाडा जोडणारा कारागीर, खांबांच्या तळाच्या प्लेटा थेट जोत्याच्या चिऱ्यात फास्टनरने (भोकात फुगून बसणाऱ्या बोल्टने) ठोकणार होता. काकांनी त्याला थांबवलं. "भाऊ, जांभ्यात फास्टनर धरायचा नाय, चिरा भुगा होतो," म्हणाले. मग सहाही खांबांच्या जागी जोत्याच्या आतल्या अंगाला दोन बाय दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डे घेऊन काँक्रीट भरलं आणि बोल्ट त्यात आधीच उभे केले. एकेक ठोकळा पावणेसातशे किलोचा, सहा मिळून चार टन. यात अकरा हजार गेले. संपूर्ण कामात सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच. दोन पावसाळ्यांत सांगाडा जरासुद्धा हललेला नाही, दार आजही पहिल्या दिवसासारखं लागतं.

आता चुका. जोतं तिरकं, भिंत त्याच्यावरून गेलेली म्हणून तीही तिरकी, आणि सांगाडा मात्र फॅब्रिकेटरने काटकोनात उभा केला. त्यामुळे पश्चिमेच्या बाजूला पत्रा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून दोन-सव्वादोन इंच आत राहिला. त्या कडेवर पहिल्या जुलैत पाणी साचायचं आणि पत्र्याखालून आत झिरपायचं. सुपारीचं एक पोतं बुरशीने गेलं. वाकवलेली पत्र्याची पट्टी बसवून ते बंद केलं, पण पत्रा भिंतीच्या बाहेरून दोन इंच खाली उतरला पाहिजे, हे आधीच सांगून ठेवायला हवं होतं.

गंज पत्र्याला नाही, बाकी सगळ्याला आला. समुद्र आमच्यापासून तीन किलोमीटरवर. ड्रिल मारताना पडलेला लोखंडाचा कीस छपरावर तसाच राहिला आणि पहिल्या पावसात तिथे तांबडे डाग उठले. त्याच संध्याकाळी झाडून काढायला हवा होता. जिथे पत्रा ग्राइंडरने कापला तिथे ठिणग्यांनी रंग जळून कडा सोलल्या, कात्रीने कापलेल्या कडा मात्र चांगल्या आहेत. वेल्डिंगचे सांधे तर आधी घासून मग रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) लावलेलेच टिकलेत.

उकाड्याची कल्पना होती, पण इतक्या नाही. पहिल्या मे महिन्यात दुपारी आत उभं राहवत नव्हतं, आंबे पिकवायची अढी तिथे घालणं अशक्यच. यंदा फेब्रुवारीत छपराखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधल्या आणि दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांत जाळी बसवली. आता अढी तिथेच घालतो. पहाटे पत्र्याच्या आतून थेंब गळायचे, तेही तट्ट्यांवरच जिरतात. पावसाचा आवाज तेवढा कमी झाला नाही. मोठी सर आली की आत फोनवर बोलता येत नाही. झोपायची किंवा अभ्यासाची खोली करणार असाल तर ही पद्धत घेऊ नका.

तीन फुटांच्या चिऱ्याच्या भिंतीबद्दल मात्र मी ठाम आहे. शेजारच्या वाडीत दोन वर्षांपूर्वीच पत्रा थेट जमिनीपर्यंत आणलेली शेड आहे. अंगणातून उडणाऱ्या चिखलपाण्याने तिची खालची वीतभर कड खाल्ली गेली आहे. आमच्याकडे ते पाणी चिऱ्यावर उडतं, शेवाळ धरतं, उन्हाळ्यात वाळून जातं.

यंदा पागोळ्यांखाली पन्हळ बसवायची आहे, तो धुपलेला कोपरा अजून नुसत्या दगडगोट्यांनी भरलेला आहे.